पहिली ज्युनियर गोल्फ स्पर्धा: बॅग भरण्याआधी हे कागद वाचा

ज्युनियर स्पर्धांत मी बहुतेक वेळा स्कोअरकार्ड गोळा करण्याच्या टेबलावर असतो. डोळे पुसत तिथे येणारं मूल वाईट फटक्यांमुळे रडत असेल असं तुम्हाला वाटेल. पण एका बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पाच फटके घालवलेलं मूल तो किस्सा रंगवून सांगतं. रडू फुटतं ते पेनल्टी (दंडाचे वाढीव फटके) कळल्यावर, आणि तेव्हाचं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "पण आमच्याकडे तर असं चालतं!"

चालत असेलही. रोजच्या सरावात, मित्रांमध्ये, आपल्या ओळखीच्या कोर्सवर चालत असेल. आजच्या स्पर्धेच्या कागदावर ती सवलत नाही, एवढंच. तो कागद कुठे शोधायचा, कसा वाचायचा आणि मैदानात त्याच्यानुसार कसं वागायचं, हे इथे क्रमाने सांगतो. लिहितोय पालकांसाठी, पण मूल दहा-अकरा वर्षांचं असेल तर सरळ त्याच्याच हातात द्या. टीवरून (होल सुरू करायच्या जागेवरून) पुढे गेल्यावर निर्णय त्यालाच घ्यायचे आहेत.

पायरी १: कोणता कागद कशासाठी

गोल्फचे मूळ नियम जगभर एकच आहेत. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था ते मिळून काढतात. २०१९ मध्ये त्यांची मोठी फेररचना झाली, आणि २५ नियमांची जी आवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली तिच्यावर हा लेख आधारलेला आहे. या नियमांवर दोन थर चढतात. एक म्हणजे लोकल रूल्स, अर्थात स्थानिक नियम. या कोर्सवर, आजच्या दिवशी चेंडू कसा खेळायचा ते यात असतं. दुसरा थर स्पर्धेच्या अटींचा: कोण खेळू शकतं, किती होल, कोणत्या टीवरून, बरोबरी झाली तर काय. जुनी मंडळी यांना अजून 'कंडिशन्स' म्हणतात. २०१९ पासून नियमपुस्तकातला शब्द 'टर्म्स' असा झाला, काम तेच.

गोंधळ होतो तो इथे. क्लबच्या स्कोअरकार्डाच्या मागे बारीक अक्षरात स्थानिक नियम छापलेले असतात. ते क्लबच्या रोजच्या खेळाडूंसाठी. स्पर्धा भरवणारी संस्था बऱ्याचदा आपलं वेगळं पत्रक काढते (वर्षभराच्या सगळ्या स्पर्धांना लागू असलेल्या पत्रकाला 'हार्ड कार्ड' म्हणतात) आणि शिवाय त्या दिवसापुरती एक पानाची सूचना लावते. कार्डामागचे नियम रद्द केले आहेत की त्यात भर घातली आहे, ते त्या पत्रकातच लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधा. सापडलं नाही तर विचारा.

आणि सूचनाफलकावर लावलेला कागद वाचला नाही, ही सबब कोणाचीच चालत नाही. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्सवर डस्टिन जॉन्सनला शेवटच्या होलवर दोन फटक्यांची पेनल्टी बसली. त्या कोर्सवर वाळूचे शेकडो खड्डे आहेत. त्यातले बरेच प्रेक्षकांच्या पायाखाली तुडवलेले होते, तरी ते सगळे बंकरच धरायचे असं स्थानिक नियमात स्पष्ट लिहिलं होतं आणि कागद खेळाडूंना दिलेला होता. जॉन्सनला वाटलं ही नुसती तुडवलेली माती आहे. त्याने फटक्याआधी क्लब, म्हणजे हातातली काठी, जमिनीला टेकवला, जे बंकरमध्ये चालत नाही, आणि प्लेऑफमधली (बरोबरी सोडवायच्या जादा खेळातली) जागा गेली. प्लेऑफ जिंकून चषक नेला मार्टिन कायमरने. मोठ्यांच्या हातून हे घडतं, तर बारा वर्षांच्या मुलाकडून घडणारच.

पायरी २: नाव नोंदवण्याआधी अटी वाचा

हे काम पालकांचं. वयोगटासाठी कोणती तारीख धरली आहे ते बघा. 'बारा वर्षांखालील' म्हणजे स्पर्धेच्या दिवशी, की वर्षाच्या पहिल्या दिवशी, की शेवटच्या? दर स्पर्धेत वेगळं असू शकतं. हँडिकॅपची (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याची) मर्यादा, होलची संख्या, कोणत्या रंगाच्या टी, वयाचा कोणता दाखला, माघार कधीपर्यंत घेता येते, हे सगळं एकदा नजरेखालून घाला.

पण स्पर्धेचा प्रकार मात्र नीट समजून घ्या, कारण मुलाने होलवर काय करायचं ते त्यावर ठरतं. साध्या स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे सगळे फटके मोजायच्या प्रकारात, प्रत्येक होलवर चेंडू कपात गेलाच पाहिजे. सरावात आपण "राहू दे, गेलाच समज" म्हणून हातभर अंतरावरचा चेंडू उचलू देतो. स्ट्रोक प्लेमध्ये असा उचललेला चेंडू परत ठेवून खेळला नाही आणि मुलाने पुढच्या टीवरून फटका मारला, तर ते स्पर्धेतून बाद. चेंडू सोडून देण्याची मुभा मॅच प्लेमध्ये (एकास एक, होलगणिक लढतीत) आहे, तीही प्रतिस्पर्ध्याने दिली तरच. पहिल्या स्पर्धेत सर्वांत महाग पडणारं 'आमच्याकडे चालतं' हेच.

लहान गटांसाठी बरेच आयोजक 'मॅक्सिमम स्कोअर' नावाचा प्रकार ठेवतात. २०१९ पासून तो नियमपुस्तकात आहे. प्रत्येक होलला कमाल आकडा ठरलेला असतो, समजा पारच्या (त्या होलसाठी अपेक्षित फटक्यांच्या) दुप्पट. पार ४ च्या होलवर आठ झाले की चेंडू उचलायचा, कार्डावर ८ लिहायचे आणि पुढे चालायचं. स्टेबलफर्डमध्ये गुण असतात: पारला २, बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) १, बर्डीला (एक कमी) ३. तिथेही गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचलता येतो. दिवसभरातल्या एका भयाण होलने मूल खचू नये म्हणून हे प्रकार मला लहान मुलांसाठी साध्या स्ट्रोक प्लेपेक्षा कितीतरी बरे वाटतात. पण आपली स्पर्धा त्यातली आहे का, हे आधी माहीत हवं.

पायरी ३: स्थानिक नियमांचा कागद, ओळीने

आदल्या दिवशी संध्याकाळी कागद आणि कोर्सचा नकाशा शेजारी ठेवून बसा. वीस मिनिटं पुरतात.

सुरुवात हद्दीपासून करा. पांढऱ्या खुंट्या किंवा पांढरी रेघ म्हणजे आउट ऑफ बाउंड्स, सगळे 'ओबी' म्हणतात. कुठल्या होलच्या कुठल्या बाजूला ती आहे, ते नकाशावर पेन्सिलने खुणा करून घ्या. दोन होलच्या मधेही ओबी असू शकते, कधी फक्त एकाच होलपुरती. अशी 'आतली ओबी' कोर्सवर पाहून लक्षात येईलच असं नाही, ती कागदावरच कळते. रेघेचा हिशेब मुलाला एकदा काढून दाखवा. पूर्ण चेंडू हद्दीबाहेर गेला तरच तो ओबी. पेनल्टी एरियाचं (लाल-पिवळ्या खुणांनी आखलेल्या पाण्यासारख्या जागेचं) बरोबर उलटं: चेंडूचा थोडासा भाग जरी लाल वा पिवळ्या रेघेला लागला तरी चेंडू आत. शिवाय लाल-पिवळी खुंटी आड आली आणि ती निघत असेल तर उपटून बाजूला ठेवता येते, पांढरी खुंटी मात्र उपटायची नाही. मुलं हे हमखास उलटं करतात. चुकून उपटलीच, तर फटका मारण्याआधी होती तशी परत रोवली की पेनल्टी टळते.

लाल आणि पिवळ्यातला फरकही याच बैठकीत. दोन्हींत एका पेनल्टी फटक्यावर आधीच्या जागी परत जाता येतं, किंवा चेंडूने ज्या बिंदूपाशी कड ओलांडली तो बिंदू आणि झेंडा यांच्या सरळ रेषेत मागे जाऊन ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडून तिथून खेळता येतो. लाल असेल तर तिसरा पर्याय मिळतो: कड ओलांडलेल्या बिंदूपासून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, मग मुलाचा गुडघा जमिनीपासून जेवढा वर असेल तेवढ्यावरून.

नंतर ड्रॉपिंग झोन, म्हणजे ड्रॉपसाठी आखून दिलेली जागा. तो ऐच्छिक आहे की सक्तीचा, ते शब्द नीट वाचा. 'खेळता येईल' आणि 'खेळलाच पाहिजे' यांत दोन फटक्यांचा फरक पडतो. ड्रॉप केलेला चेंडू झोनच्या आतच थांबला पाहिजे. 'नो प्ले झोन' दिसला, म्हणजे जपलेली रोपटी वगैरे, तर तिथून खेळायचंच नाही, सुटका घेणं, म्हणजे चेंडू तिथून बाहेर हलवणं, सक्तीचं.

ओल्या दिवसांत 'प्रिफर्ड लाइज' लागू असतात. फेअरवेवरचा (टी ते ग्रीनमधल्या बारीक कापलेल्या गवतावरचा) चेंडू उचलून, पुसून थोड्या चांगल्या जागी ठेवायची मुभा. थोड्या म्हणजे किती, ते कागदावर असतं: कुठे सहा इंच, कुठे स्कोअरकार्डाएवढं अंतर, कुठे एक क्लब. ही मुभा साधारणपणे फेअरवेइतकं किंवा त्याहून बारीक कापलेल्या गवतावरच असते, रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, नसते. चेंडू ठेवून हात सोडला की तो खेळात आला. "थांब, अजून इकडे बरं आहे" म्हणत तो दुसऱ्यांदा उचलला की पेनल्टी. आधीच्या जागी एक टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचून ठेवायची सवय लावा, म्हणजे अंतराचा वाद होत नाही.

आता सगळ्यात फसवी ओळ. चेंडू हरवला किंवा ओबी गेला, तर मूळ नियम सांगतो की एक पेनल्टी घ्या, मागे जा, आधीच्या जागेवरून पुन्हा मारा. पण स्पर्धेच्या समितीची इच्छा असेल तर ती एक पर्यायी स्थानिक नियम लावू शकते: दोन पेनल्टी घ्या आणि चेंडू जिथे हरवला त्याच्या आसपास, फेअरवेच्या कडेला ड्रॉप करा. बऱ्याच क्लबमध्ये रोजच्या खेळाला हा नियम लागू असतो, कारण मागे परत जाण्यात वेळ जातो. मुलाला वाटतं हाच गोल्फचा नियम. मोठ्या पातळीच्या स्पर्धांत तो ठेवत नाहीत. कागदावर तो नसताना मुलाने फेअरवेच्या कडेला ड्रॉप करून फटका मारला, तर ते चुकीच्या जागेवरून खेळणं झालं, आणि इथला फायदा इतका मोठा असतो की ती गंभीर चूक धरली जाते. पुढच्या होलची सुरुवात करण्याआधी ती सुधारली नाही तर मूल बाद. आणि नियम लागू असला तरी एक अट राहते: मुलाने आधीच प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा) चेंडू मारला असेल आणि तो सापडत असेल, तर हा पर्याय बंद. या एका परिच्छेदासाठी तरी संध्याकाळची वीस मिनिटं काढाच.

उरलेल्या ओळी, म्हणजे ग्रीनजवळचे (कपाभोवतीच्या गुळगुळीत गवताजवळचे) स्प्रिंकलर, दुरुस्तीखालच्या जागांच्या रेघा, रस्ते, एकदा वाचून सोडल्या तरी चालतात. तिथे रेफरीला विचारायला वेळ मिळतो.

पायरी ४: बॅग

१४ क्लब, एकही जास्त नाही. मुलांच्या बॅगेत पंधरावा क्लब येतो कुठून, तर मोठ्या भावाने ठेवलेला वेज, सराव करताना घेतलेला बाबांचा पटर. जास्त क्लब ठेवून जितके होल खेळाल त्या प्रत्येक होलला दोन फटके, एका फेरीत जास्तीत जास्त चार. २००१ च्या ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी इयान वूस्नमच्या बॅगेत दोन ड्रायव्हर (लांब फटक्याचे क्लब) निघाले, एक जास्तीचा. पहिल्या होलवर बर्डी केलेला हा माणूस दुसऱ्या टीवर पोचतो तर दोन फटके मागे! मोजायचं काम कॅडीचं (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचं) होतं, पेनल्टी वूस्नमला. सकाळी बॅग गाडीतून काढताना मुलाने स्वतः मोठ्याने मोजायचं.

अंतर मोजणारं यंत्र २०१९ पासून मुळात चालतं, पण समिती स्थानिक नियमाने ते बंद करू शकते. चालत असेल तरी उताराचा हिशेब देणारी सोय बंद हवी. ती वापरली तर पहिल्यांदा दोन फटके, दुसऱ्यांदा बाद. मनगटावरचं घड्याळही यातच येतं हे विसरू नका. फोन, हेडफोन, बॅटरीची ट्रॉली, गोल्फ कार्ट यांबद्दल कागद काय सांगतो ते पाहा. ज्युनियर स्पर्धांत कार्टला बहुधा मनाई असते.

दोन-तीन रंगांचे मार्कर पेन घ्या आणि मुलाच्या प्रत्येक चेंडूवर त्याची स्वतःची खूण काढा. एकाच कंपनीचा, एकाच क्रमांकाचा चेंडू दोघांकडे असणं फार सामान्य आहे.

पायरी ५: आईबाबांनी कुठे उभं राहायचं

हा भाग पालकांना आवडत नाही. तरीही जरा लांबवतो.

कॅडी चालतो का, आणि पालक कॅडी होऊ शकतात का, हे स्थानिक नियमात असतं. सगळ्यात लहान गटात बऱ्याचदा चालतं, मोठ्या गटांत बंदी असते. कॅडी होत असाल तर सल्ला देण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण मूल फटक्यासाठी उभं राहू लागलं की त्याच्या मागे, चेंडूच्या रेषेत उभं राहून नेम बरोबर आहे का ते सांगत बसायचं नाही. २०१९ पासून हे नियमात बसत नाही.

कॅडी नसाल तर तुम्ही प्रेक्षक. प्रेक्षकाने कोणता क्लब घ्यावा, वारा किती, पट (ग्रीनवरचा हलका फटका) डावीकडे जाईल की उजवीकडे, हे सांगणं म्हणजे सल्ला. मुलाने तो मागितला तर दोन फटके. न मागता एकदा कानावर पडला तर त्याच्यावर पेनल्टी नाही, पण तीच व्यक्ती सांगत राहिली आणि मुलाने थांबवायचा प्रयत्न केला नाही, तर त्याने मागितल्यासारखंच धरतात. म्हणजे तुमच्या तोंडाची शिक्षा त्याच्या कार्डावर. बोटांनी सात दाखवणं, टोपी उजवीकडे फिरवणं, खोकणं, हे सगळं रेफरींनी पाहिलेलं आहे. माझ्या टेबलावर एकदा एक मुलगी येऊन म्हणाली, "बाबांना झाडामागून जायला सांगा ना." तिला नियम माहीत होता, बाबांना नव्हता.

मग काय करता येतं? चेंडू शोधायला मदत करता येते, अर्थात स्पर्धेच्या आचारसंहितेने पालकांना फेअरवेपासून लांब ठेवलं नसेल तर. पाणी देता येतं, छत्री आणून देता येते. 'झेंडा कुठे आहे', 'इथून बंकर किती लांब' ही सगळ्यांना उपलब्ध माहिती आहे, तो सल्ला होत नाही. नियम काय आहे ते सांगणंही सल्ल्यात येत नाही. तरी दुरून पाहणाऱ्याला तुम्ही काय बोलताय ते कळत नाही, म्हणून गप्प राहिलेलं बरं.

समितीला आचारसंहिता लावून तिच्यासाठी पेनल्टी ठरवता येते. क्लब फेकणं, शिव्या देणं, बंकर न सारवता निघून जाणं, पालकांनी ठरलेली जागा सोडणं. कुठे आधी ताकीद असते, कुठे थेट एक फटका. त्या पानावर मूल आणि तुम्ही दोघांनी नजर टाका.

पायरी ६: स्पर्धेची सकाळ

स्ट्रोक प्लेमध्ये त्या दिवशी फेरीच्या आधी स्पर्धेच्या कोर्सवर सराव करता येत नाही. सरावाची ग्रीन, रेंज (सराव फटक्यांचं मैदान) आणि पहिल्या टीजवळ थोडं चिपिंग-पटिंग (छोटे फटके) चालतं. "पहिली ग्रीन रिकामीच आहे, एक पट मारून बघ" असं म्हणू नका, दोन फटके जातात. मॅच प्लेला ही बंदी मुळात नाही, पण तिथेही समितीचं म्हणणं अंतिम.

वेळ म्हणजे वेळ. ८:१० ची टी असेल तर ८ वाजून १० मिनिटं ० सेकंदांना मूल खेळायला तयार, टीच्या जागेत हवं. पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर पहिल्या होलला दोन फटके, त्याहून जास्त झाला तर बाद. वेळेआधी मारून टाकलं तरी पेनल्टी आहे, हे कोणाला माहीत नसतं. दहा मिनिटं आधी स्टार्टरकडे (गटांना खेळायला सोडणाऱ्याकडे) जा आणि मुलाला एकच प्रश्न विचारायला लावा: "आज नवीन काही सूचना आहे का?" रात्री पाऊस झाला असेल, एखादी टी हलवली असेल, नवा ड्रॉपिंग झोन आखला असेल. हे शेवटच्या क्षणी स्टार्टरकडेच कळतं.

इथेच कार्डांची अदलाबदल होते. मुलाचं कार्ड दुसरं मूल लिहिणार, ते मूल त्याचा मार्कर. आपलं मूल आणखी कुणाचं लिहिणार. सगळ्यांनी आपापला चेंडू, क्रमांक आणि खूण एकमेकांना दाखवायची.

पायरी ७: मैदानात

चेंडू हरवेलसा वाटला किंवा ओबीकडे गेला, तर दुसरा मारण्याआधी 'प्रोव्हिजनल' हा शब्द तोंडातून निघाला पाहिजे. "मी अजून एक मारतो" पुरेसं नाही. तसं म्हटलं तर दुसराच चेंडू खेळात येतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही. शोधायला तीन मिनिटं, शोध सुरू झाल्यापासून.

होलच्या मधे सराव फटका नाही. होल संपल्यावर त्या ग्रीनवर एखादा पट चालतो, पण बऱ्याच स्पर्धांत स्थानिक नियमाने तोही बंद असतो.

वेगाबद्दल. आपली पाळी आल्यावर, अडथळा नसेल तर ४० सेकंदांत फटका मारावा असं नियमच सुचवतो. प्रत्येक समितीचं स्वतःचं धोरण असतं: गट मागे पडला की ताकीद, मग घड्याळ लावणं, मग पेनल्टी. २०१३ च्या मास्टर्समध्ये चीनचा ग्वान तियानलांग १४ वर्षांचा होता. दुसऱ्या फेरीत १७ व्या होलवर संथ खेळासाठी त्याला एक फटक्याची पेनल्टी बसली. तरीही त्याने कट पार केला, म्हणजे उरलेल्या फेऱ्यांसाठी पात्र ठरला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम हौशी खेळाडू ठरला. वय कमी म्हणून मास्टर्समध्ये कुणी सूट दिली नाही, आणि त्या मुलानेही ती मागितली नाही. मुलाला दोन सवयी लावा: चालता चालता क्लबचा विचार करायचा, आणि आकडा ग्रीनवर उभं राहून नव्हे, पुढच्या टीवर लिहायचा. स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार असेल त्याने सुरक्षित असेल तेव्हा आधी मारायला हरकत नाही.

शंका आली तर? हे मी प्रत्येक नवीन मुलाला दोनदा सांगतो. रेफरी दिसत असेल तर हात वर करून बोलवायचं, अंदाजाने खेळायचं नाही. आणि त्या होलचा आकडा लिहिण्याआधीच रेफरीकडून निर्णय घ्यायचा. रेफरी दूर असेल, मागचा गट येऊन थांबला असेल, तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन चेंडू खेळण्याची सोय आहे. समजा चेंडू उकरलेल्या मातीत आहे, भोवती रेघ नाही, ही दुरुस्तीची जागा आहे की नाही ते कळत नाही. पुढचा फटका मारण्याआधी मार्करला सांगायचं: "मी दोन चेंडू खेळतोय, आणि नियमात बसत असेल तर ड्रॉप केलेला मोजायचा आहे." मग एक होता तसा खेळायचा, दुसरा सुटका घेऊन, आणि दोन्ही कपात घालायचे. दोन्ही आकडे कार्डाच्या कडेला टिपून ठेवायचे. कोणता मोजायचा हे आधी सांगितलं नाही तर पहिल्यांदा खेळलेला धरतात. आणि कार्ड देण्याआधी समितीला सगळं सांगायचंच, दोन्ही चेंडूंचा आकडा सारखा आला तरीही. न सांगितल्यास बाद. मॅच प्लेमध्ये ही सोय नाही.

विजांचा भोंगा. बहुतेक ठिकाणी एक लांब आवाज म्हणजे धोका, ताबडतोब थांबा. तीन सलग आवाज म्हणजे साधी स्थगिती, सुरू केलेला होल पुरा करता येतो. दोन छोटे म्हणजे पुन्हा सुरू. खुणा कागदावर तपासा. लांब भोंग्यानंतर एकही फटका नाही, अगदी एका फुटावरचा पटसुद्धा, कारण त्याची शिक्षा बाद होणं आहे. आणि भोंगा वाजायच्या आधी मुलाला वीज दिसली, भीती वाटली, तर ते स्वतःहून थांबू शकतं. लगेच समितीला कळवायचं. यासाठी कोणीही रागावणार नाही.

पायरी ८: कार्डाचं टेबल

इथे पालकांनी आत यायचं नाही. मूल आणि मार्कर समोरासमोर बसतात, होल १ पासून एकेक आकडा मोठ्याने वाचतात. बेरीज समितीचं काम आहे, तिची चूक मुलाच्या माथी येत नाही. मुलाच्या जबाबदारीवर असतो प्रत्येक होलचा आकडा. खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केली तर बाद. जास्त लिहिला तर तोच पक्का.

दोन्हींची उदाहरणं प्रसिद्ध आहेत. १९५७ च्या यूएस विमेन्स ओपनमध्ये जॅकी पंगच्या कार्डावर चौथ्या होलला सहाऐवजी पाच लिहिलं गेलं. बेरीज बरोबर होती, तिचा एकूण आकडा सर्वांत कमी होता, तरी ती बाद झाली आणि विजेतेपद बेट्सी रॉल्सला गेलं. १९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो दे विचेंझोने १७ व्या होलला तीन फटके घेतले होते, मार्करने चार लिहिले, त्याने न पाहता सही केली. प्लेऑफ हुकली.

एक सूट आहे. आपल्याला पेनल्टी लागली आहे हे मुलाला माहीतच नव्हतं आणि म्हणून आकडा कमी लिहिला गेला, तर बाद करत नाहीत, ती पेनल्टी नंतर मिळवतात. म्हणून मनात काहीही खटकलं असेल, 'त्या झाडाजवळ चेंडू हलला का?', तर सही करण्याआधी टेबलावर विचारायचं. सहीनंतर विचारलेला प्रश्न पुष्कळदा उशिरा पडतो. आकडे फोनवरच्या ॲपमध्येही भरत असाल तर खरं कार्ड कोणतं, कागदाचं की ॲपचं, ते अटींत बघून ठेवा. कार्ड 'दिलं' कधी धरायचं तेही तिथेच असतं. बऱ्याच स्पर्धांत मूल त्या जागेतून दोन्ही पायांनी बाहेर पडलं की कार्ड दिलं असं मानतात.

सही विसरली तर मूळ नियमाने बाद, पण समिती स्थानिक नियमाने ते दोन फटक्यांवर आणू शकते. २०२३ पासून स्ट्रोक प्लेमध्ये हँडिकॅप लिहिण्याची जबाबदारी खेळाडूवर नाही, समिती ते पाहते.

मग निकाल. बरोबरी झाली तर बहुतेक ज्युनियर स्पर्धांत 'काउंटबॅक' करतात: शेवटचे नऊ होल, तेही सारखे असतील तर शेवटचे सहा, मग तीन, मग अठरावा. पण पहिल्या क्रमांकासाठी अटींत प्लेऑफ लिहिलेला असेल, तर मूल त्या वेळी टीवर हजर हवं. एका स्पर्धेत बरोबरीतला एक मुलगा घरी निघून गेला होता. फोन लावला तेव्हा गाडी निम्म्या रस्त्यात होती, आणि दुसऱ्याला एकही फटका न मारता चषक मिळाला.